ब्रेकमास्तरांची गाडी

निम्म्या शहराला गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाकडे स्वतःची गाडी नाही, हे ऐकून नवख्याला हसू यायचं. जुन्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे. मास्तर आणि ड्रायव्हिंग स्कूलची गाडी एवढे एकमेकांना चिकटलेले होते, की त्यांना वेगळी गाडी कशाला हवी असेल, हा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही.

मास्तरांनी उभं आयुष्य त्या गाडीत काढलं, तेही शेजारच्या सीटवर. शिकणारा स्टिअरिंगपाशी आणि मास्तर त्याच्या बाजूला. त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक बसवलेला होता. शिकाऊ माणसाची पाचावर धारण बसली की मास्तर तो हलकेच दाबत आणि गाडी जागच्या जागी थांबे. शिकाऊला वाटायचं आपणच थांबवली. मास्तरही तसंच वाटू देत. "शाब्बास. वेळेवर दाबलास," असं म्हणत. या ब्रेकवरून त्यांना ब्रेकमास्तर हे नाव पडलं, आणि ते इतकं रुळलं की घरी येणारी पत्रंसुद्धा पोस्टमन त्याच नावावर आणून देई.

पायाची ही सवय गाडीतून उतरल्यावरही सुटत नसे. घरी काकू, म्हणजे मास्तरांची बायको, कपात चहा ओतू लागल्या आणि कप काठोकाठ भरत आला, की टेबलाखाली मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला जायचा. काकूंचा फोन लांबला तरी पाय दाबला जायचा.

"लावा, लावा ब्रेक," काकू फोनवर हात ठेवून म्हणायच्या. "मी काही थांबत नाही."

मास्तरांचा एक नियम होता. घरच्यांना शिकवायचं नाही. स्कूलच्या म्हाताऱ्या मालकानं पहिल्याच दिवशी तो त्यांच्या कानात घातला होता, आणि पुढे मास्तर स्वतःच तो सगळ्यांना ऐकवू लागले. एखादा नवरा मोठ्या उत्साहानं म्हणाला, "बायकोला मीच शिकवीन म्हणतो," की मास्तर त्याला बाजूला घेऊन सांगत, "माझ्याकडे पाठवा. तुम्ही शिकवलंत तर तिला गाडी येईल, पण ती तीच गाडी घेऊन माहेरी जाईल." स्वतःच्या मुलालासुद्धा त्यांनी समोरच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या स्कूलमध्ये घातलं. त्या स्कूलचा मालक वर्षभर ही गोष्ट मिटक्या मारत सांगत होता. काकू मात्र कुठेच शिकल्या नाहीत. त्या हॉस्पिटलच्या शिलाईखोलीत होत्या. फाटलेल्या चादरी, उसवलेले अभ्रे, डॉक्टरांचे झगे त्यांच्या मशीनखालून जात. हॉस्पिटल घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. "मला कुठे जायचंय?" असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंही होतं.

पण दोघंही कामातून मोकळी झाली, आणि काकूंना कुठेतरी जायचं झालं.

काकूंची मोठी बहीण, अक्का, डोंगरापलीकडच्या गावात वृद्धांच्या निवासात राहायची. आई लवकर गेल्यावर अक्कानंच काकूंना वाढवलं होतं. वेणी घातली होती, पाढे घोकून घेतले होते, लग्नात निरोप देताना आईच्या जागी उभी राहून रडली होती. काकूंना ती आजही पिटुकली म्हणे. अक्काकडे जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, मधल्या स्टँडवर ताटकळायचं, आणि दुसऱ्या बसमध्ये हमखास शेवटची सीट मिळायची. गेल्या खेपेला परत येताना काकूंची कंबर अशी धरली की घरी पोहोचल्यावर त्या बाहेरच्या कपड्यांतच पलंगावर आडव्या झाल्या. पुढे डॉक्टरांनीही बसचे धक्के बंद करायला सांगितलं. पण त्याआधीच मास्तर काकूंच्या पायातल्या चपला काढत म्हणाले होते, "बस पुरे झाली. आता गाडी घेऊ. मी नेईन तुला अक्कांकडे."

तेव्हापासून भेट नव्हती, फोनच चालले होते. पण अलीकडे अक्का फोन उचलून आधी विचारायची, "कोण बोलतंय?" काकू सांगायच्या, "मी." मग थोडी शांतता आणि नंतर, "हां, हां, पिटुकली होय!" दर फोनला ती मधली शांतता लांबत चालली होती. फोन ठेवल्यावर काकू शिलाईच्या डब्यातली बटणं उगीच रंगांप्रमाणे लावत बसत. मास्तर हे बघत होते. अक्का आपल्याला ओळखते आहे तोवर काकूंना तिथे पोहोचायचं होतं, आणि ते दिवस फार उरलेले नाहीत, हे दोघांनाही बोलल्याशिवाय कळत होतं.

त्याच सुमारास, थंडीत, मास्तर चष्म्याचा नंबर बदलायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तिथे त्यांना एका खोल भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं आणि हातात बटण दिलं. आत उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मास्तर कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. यंत्र अजून सुरू व्हायचंय, असं त्यांना वाटत होतं. ते केव्हाच सुरू झालं होतं.

"समोरचं तुम्हाला लख्ख दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. "कडा मात्र गेल्यात. बाजूनं येणारं तुम्हाला दिसत नाही. गेलेलं परत येणार नाही, आहे ते थेंबांनी राखू. पण मास्तर, गाडी चालवायची नाही. शेजारी बसा खुशाल."

"समोर तर सगळेच बघतात, कडेनं येणारा बघायला शिका," हे वाक्य मास्तर आयुष्यभर पोरांना ऐकवत आले होते. डॉक्टरसुद्धा त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी ते वाक्य काढलं नाही, मास्तरांनीही काढलं नाही.

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "थेंब दिलेत. सकाळ-संध्याकाळ घालायचे." हे खरंच होतं. पुढचं सगळं ते गिळून बसले. चपला काढताना दिलेला शब्द त्यांना आठवत होता, आणि तो परत कसा घ्यायचा हे सुचत नव्हतं.

आणि तशातच एके दिवशी काकू बाजारातून आल्या त्या पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "अहो, मी एक गाडी बघून आले."

"कुणाची?"

"भाड्यानं गाड्या देतात ना, त्या कंपनीची. जुन्या झाल्या की विकतात म्हणे. फिकट निळी आहे. आपल्याला जमेल अशी आहे. मी आत बसून पाहिलं, कंबरेला काही त्रास नाही."

मास्तरांना वाट सापडली. "भाड्याची?" ते म्हणाले. "छे छे. भाड्याची गाडी कुणी घेतं का?"

त्या संध्याकाळी परगावच्या मुलाचा फोन आला. काकूंनी त्याला गाडीचं सांगितलं, तर तो तिकडून सुरूच झाला. "आई, अशा गाडीला कुणी मायेनं वागवत नाही. आज एक, उद्या दुसरा. खड्डा दिसला तरी कुणी वाचवत नाही. आपल्या बापाचं काय जातंय, असं म्हणून हाणतात!"

"ऐकलंस?" मास्तर म्हणाले. "मी अगदी हेच म्हणतोय."

काकूंनी नवऱ्याकडे जरा रोखून पाहिलं. मुलाचं म्हणणं त्यांनी असं पहिल्या फटक्यात मान्य केल्याचं त्यांच्या आठवणीत नव्हतं.

"आणि तुमची स्कूलची गाडी?" त्यांनी विचारलं. "ती काय एकट्या राजानं वापरली होती?"

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? रोज नवा माणूस येऊन तिच्या गिअरचे दात पाडत होता. तरी तुम्हीच म्हणायचात, वेळच्या वेळी तेलपाणी होतं म्हणून टिकली. मी एवढ्या चादरी शिवल्या. हिच्यावर कोण कोण झोपून गेलं, असं विचारत बसले असते, तर एकसुद्धा शिवून झाली नसती. धुतलेली आहे ना, विरलेली नाही ना, एवढं बघायचं आणि टाका घालायचा."

बायको बरोबर बोलत होती, आणि मुलगाही चुकीचं बोलत नव्हता. अशा गाड्यांत चांगल्याही निघतात आणि पार पिळून काढलेल्याही निघतात, हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं. एरवी त्यांनी स्वतःच तिथे जाऊन, बोनेट उघडून, दहा प्रश्न विचारून सोक्षमोक्ष लावला असता. आता ते स्वतःच्याच तोंडून स्वतःला न पटणारं बोलत होते, आणि ते ऐकायला त्यांना फार वाईट वाटत होतं.

"मिस्त्रीला दाखवू," शेवटी ते म्हणाले. "तो म्हणेल ते खरं."

मिस्त्री म्हणजे स्कूलच्या गाडीचा जन्मभराचा डॉक्टर. अंगानं आडवा, हाताला कायम ग्रीस. तो काहीतरी खोट काढेल आणि आपण सुटू, अशी मास्तरांना आशा होती. ही आशा मनात घेऊनच ते काकूंबरोबर त्या कंपनीच्या आवारात गेले.

दारात उभी असलेली मॅनेजरीणबाई त्यांना बघून पुढे आली. एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी. घाबरली की ब्रेक दाबायच्या ऐवजी डोळे मिटून हॉर्न वाजवायची, म्हणून मास्तरांनी तिचं नाव हॉर्नवाली ठेवलं होतं.

"मास्तर, ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं? हॉर्न वाजवतेस ना अजून?"

"आता ब्रेकही दाबते," ती हसून म्हणाली. मग गंभीर झाली. "तुमच्यापासून काही लपवत नाही. मागचा बंपर एकदा ठोकला गेला होता, बदललाय. मागच्या सीटवर डाग आहे, तो काही निघत नाही. बाकी गावात कमी आणि लांबच्या रस्त्यावर जास्त चाललीय. सर्व्हिसिंग एकही चुकलेलं नाही."

निळी गाडी भिंतीकडेला उभी होती. मागच्या दाराच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी लेकरानं चिकटवलेलं माशाचं चित्र होतं, अर्धं खरवडलेलं. काकू बोटानं ते नीट बसवू लागल्या.

मिस्त्री गाडीखाली सरकला. मास्तर त्याच्या बुटांशी उभे राहिले.

"नीट बघ रे. काहीतरी असेलच."

"बघतोय."

"गंज?"

"नाही."

"क्लच?"

"थोडा झिजलाय. जाईल अजून वर्षभर. पुढचे टायर तेवढे बदलून घ्या."

"आणि आवाज? काहीतरी आवाज येतोय बघ."

"तुमचाच येतोय, मास्तर," मिस्त्री खालून म्हणाला. बाहेर येऊन त्यानं हात पुसले. "चांगली गाडी आहे. भाड्याची म्हणून तोंड वाकडं करण्यासारखं काही नाही."

काकूंचा चेहरा खुलला. मास्तरांचा पडला. मिस्त्री बुचकळ्यात पडून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला.

"एक चक्कर मारून बघा ना," असं म्हणून मॅनेजरीणबाईनं किल्ली पुढे केली. ती काकूंनी घेतली, कारण मास्तर तोवर गाडीकडे चालू लागले होते. आता निमित्तं संपली होती. डोकं सुन्न झालं होतं, आणि अशा वेळी माणसाचं शरीर त्याला ठाऊक असलेलंच काम करतं. मास्तरांनी दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला, आरशाकडे एक नजर टाकली, पाय पुढे सरकवला आणि बाजूच्या माणसाला म्हणाले, "हं. आधी आरसा."

बाजूला कुणीच नव्हतं. मास्तर नेहमीप्रमाणे शेजारच्या सीटवर बसले होते आणि स्टिअरिंगपाशी रिकामी सीट होती.

मिस्त्री खो खो हसला. मॅनेजरीणबाईही हसली. "मास्तर, चालवायची आहे! शिकवायची नाही!"

मास्तरही हसले, पण उठेनात. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मागचं हसू हळूहळू विरलं. काकू क्षणभर त्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या, दार उघडलं, कंबर सांभाळत आत बसल्या आणि स्टिअरिंगवर हात ठेवले.

"अगं, हे काय?"

"आधी आरसा म्हणालात ना? कुठला आरसा?" मग त्यांनी काच खाली करून हाक दिली, "बाई, आम्हा दोघांना जरा गाडीत बसू द्या. चालेल ना?"

"बसा की," मॅनेजरीणबाई म्हणाली, आणि मिस्त्रीला चहाला घेऊन गेली.

काच वर झाली.

"सांगणार कधी होतात?" काकूंनी विचारलं.

"काय?"

"दाराजवळच्या खुंटीवर माझा कोट असतो. मागे एकदा त्याला धडकलात आणि म्हणालात, 'माफ करा हं ताई.'"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"मी आत तोंडावर हात धरून हसले," काकू म्हणाल्या. "आणि मग भांडी घासत रडले. दुसऱ्या दिवशी थेंबांची बाटली घेऊन हॉस्पिटलात गेले. ओळखीच्या नर्सनं नाव वाचून सांगितलं सगळं, कडेचं दिसत नसेल तर गाडी बंद म्हणून."

"मी शब्द दिला होता तुला."

"दिला होतात. मग काय झालं? मी काय त्याच्यावर व्याज मागणार होते?"

"मग गाडी बघायला कशाला निघालीस? मी चालवू शकत नाही हे कळलं होतं तर?"

"मला अक्काकडे जायचंय म्हणून. तुम्हाला चालवता येणार नाही, एवढंच नर्सनं सांगितलं. गाडी चालणार नाही, असं नाही सांगितलं."

"मग चालवणार कोण?"

"असा मास्तर शेजारी बसलेला असताना मी हे दुसऱ्या कुणाला विचारू?"

मास्तरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. समोरचं त्यांना लख्ख दिसत होतं. पांढरे झालेले केस, चष्म्याची दोरी, आणि स्टिअरिंग असं धरलेलं की जणू शिलाई मशीनचं चाकच.

"घरच्यांना मी शिकवत नाही," ते पुटपुटले. "भांडणं होतात. बायको गाडी घेऊन..."

"...माहेरी जाते. ऐकलंय मी हजारदा. पण माझं माहेर म्हणजे अक्का. आणि तिकडेच तर जायचंय!"

मास्तरांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळ्यांना लावला. मग रुमाल घडी करून ठेवला आणि घसा साफ केला. पुढे जो आवाज निघाला तो नवऱ्याचा नव्हता. काकूंनी तो आवाज याआधी कधी ऐकलाच नव्हता, इतका तो शांत होता.

"डावा पाय क्लचवर. पूर्ण दाबा. घाई नाही. आपल्याला कुठेही जायचं नाहीये."

मास्तर बायकोला अहोजाहो करत होते. शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ते तसंच करत, मग तो केवढा का असेना. काकूंना गंमत वाटली, पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी क्लच दाबला, किल्ली फिरवली, गिअर टाकला. गाडीनं बेडकासारखी एक उडी मारली आणि बंद पडली. मास्तरांचा पाय जोरात खाली गेला, पण त्याला नुसता गालिचा लागला.

"या गाडीत एकच खोट आहे," मास्तर म्हणाले. "हिला माझा ब्रेक नाही."

चहा पिऊन मिस्त्री परत आला, तेव्हा गाडी घ्यायचं ठरलेलं होतं. जुन्या स्कूलच्या गाडीचा तो शेजारचा ब्रेक त्याच्या गॅरेजमध्ये कुठेतरी पडलेला होता. "मी टाकला नाही, मास्तर," तो म्हणाला. "का कोण जाणे." आठवड्याभरात त्यानं तो निळ्या गाडीला बसवून दिला.

मुलाला फोनवर सांगितलं, तर तो आधी चिडला, मग काळजीत पडला, आणि शेवटी म्हणाला, "बाबा, मला नाही शिकवलंत ते!" त्यात थोडी तक्रार होती आणि पुष्कळ कौतुक होतं.

शिकाऊ परवाना हातात आल्यावर शिकवणी सुरू झाली, रोज सकाळी, बंद पडलेल्या गिरणीच्या मोकळ्या आवारात. रस्त्यावर यायला अजून अवकाश होता. काकूंनी जुन्या चादरींची घट्ट उशी शिवून कंबरेमागे घेतली. मास्तरांनी खडूनं रेषा आखल्या. पहिले काही दिवस अहोजाहो टिकलं. मग एका सकाळी, गाडी मागे घेताना काकूंनी तीच चूक पुन्हा पुन्हा केली, आणि मास्तरांमधला नवरा जागा झाला.

"अगं, किती वेळा सांगू! मागे बघ म्हटलं की मागे बघायचं, माझ्याकडे नाही!"

काकूंनी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, अगदी शिकवल्याप्रमाणे. किल्ली काढून पर्समध्ये टाकली. उशी काखेत मारली आणि चालत फाटकाबाहेर निघून गेल्या.

मास्तर गाडीत बसून राहिले. स्कूलच्या म्हाताऱ्या मालकाचा नियम त्यांना अक्षरन् अक्षर पटला. उतरून मागे धावावं असं वाटत होतं, पण गाडी अशी उघडी टाकून जाणं त्यांना कधी जमलेलं नव्हतं. बऱ्याच वेळानं स्टिअरिंगकडचं दार उघडलं. काकू थर्मास घेऊन आल्या होत्या.

"घ्या," त्यांनी कप पुढे केला. चहा ओतायला सुरुवात केली. कप काठोकाठ भरत आला. मास्तरांनी पाय जागचा हलवला नाही. चहा बशीत नाही, थेट त्यांच्या पँटवर सांडला.

"बघा," काकू म्हणाल्या, "न बोलताही राहता येतं तुम्हाला."

त्या दिवसापासून मास्तर बोलणं कमी करू लागले, आणि काकू मागे बघू लागल्या.

पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. चौकात त्यांनी एका सायकलवाल्याला जाऊ दिलं, मग टेम्पोला, मग शाळेच्या बसला, मग समोरून येणाऱ्या प्रत्येकाला. अखेर परीक्षक म्हणाला, "बाई, आता आपणही जाऊ या का?" दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. मिस्त्रीनं शेजारचा ब्रेक काढून टाकू का म्हणून विचारलं, तर काकू म्हणाल्या, "राहू दे. नाहीतर यांचे पाय कुठे ठेवायचे?"

आणि मग एका स्वच्छ सकाळी ती दोघं डोंगरापलीकडे निघाली. वळणावळणाच्या रस्त्यावर मास्तर समोरचं सांगत होते, काकू कडेचं बघत होत्या. घाट उतरेपर्यंत शेजारचा ब्रेक एकदाही दाबला गेला नाही, पण मास्तरांचा बूट त्याच्यावर टेकलेला मात्र राहिला.

अक्का निवासाच्या बागेत बाकावर बसली होती. अंगानं पार आटलेली, पण भांग अजून सरळ रेषेत. काकू तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. फोनवरची ती शांतता इथेही आली, आणि इथे ती जास्तच लांब वाटली. मग अक्कानं त्यांच्या कपाळावर आलेली बट बोटानं मागे सारली.

"पिटुकले," ती म्हणाली. "केस नीट बांधत जा, किती वेळा सांगायचं!"

काकूंनी ते केस तिथेच, तिच्यासमोर बसून, पुन्हा बांधले.

दुपारी त्यांनी अक्काला फिरवून आणायचं ठरवलं. अक्का मागच्या सीटवर, त्या न निघणाऱ्या डागावर अंथरलेल्या धुतल्या चादरीवर बसली. काकू पुढे स्टिअरिंगपाशी, मास्तर शेजारी. गाडी तळ्याकाठच्या रस्त्यानं हळूहळू निघाली. अक्का बाहेर बघत होती. झाडं मागे जात होती आणि त्यांच्याबरोबर तिच्या मनातलं काहीतरीही मागे पडत गेलं असावं, कारण थोड्या वेळानं ती पुढे वाकून काकूंना म्हणाली,

"छान चालवता हो बाई. धक्का म्हणून नाही."

मास्तरांनी वळून काकूंच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते रस्त्यावरच होते.

"मास्तर चांगले मिळाले," काकू म्हणाल्या.

"माझी एक धाकटी बहीण आहे," अक्का सांगू लागली. "फार गुणाची. तिची आणि माझी गाठ पडून किती दिवस झाले. तिकडे सोडाल मला?"

मास्तरांचा पाय आपोआप ब्रेककडे गेला आणि अलगद परत मागे आला. थांबायची गरज नव्हती. गाडी सरळ चालली होती.

"सोडते की," काकू म्हणाल्या. "तिकडेच निघालोय."

अक्का निर्धास्तपणे मागे टेकली. काचेपलीकडच्या माशाच्या शेपटीवरून तिनं आतून बोट फिरवलं. "गाडी भाड्याची का?" तिनं विचारलं.

"होती," मास्तर म्हणाले. "आता घरची आहे."

तळ्याला पूर्ण वळसा घालून गाडी निवासापाशी परत आली. काकूंनी उतरून मागचं दार उघडलं, हात दिला. अक्का उतरली, उभी राहिली आणि कोटाचे खिसे चाचपू लागली. एका खिशात रुमाल निघाला, दुसऱ्यात लिमलेटची गोळी.

"किती झाले हो तुमचे? सुटे नाहीत बघा माझ्याकडे."

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "पुढच्या खेपेला द्या."

अक्कानं तोंड वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे पुन्हा येणार तुम्ही?"

"पुढच्या रविवारी," काकू म्हणाल्या, आणि तिच्या कोटाचं एक बटण सुटत आलेलं दिसलं म्हणून पर्समधून सुई काढून, तिथेच उभ्या उभ्या, दोन टाके घालू लागल्या.